कडधान्ये पचनास हलकी कशी करावीत?

मटकी, वाल, चवळी, हरभरा, कुळीथ ही कडधान्ये ग्रामीण आहारातील प्रथिनांचा मोठा आधार होत. 100 ग्रॅम कडधान्यात साधारणतः 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात. तरीही ‘उसळ बाधते, पोटात गुबारा धरतो’ म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्या ताटातून ती अनेकदा वगळली जातात. ज्यांना गरज अधिक, तेच त्यांना मुकतात. वस्तुतः दोष बहुधा धान्याचा नसून ते शिजविण्यातील घाईचा असतो.

गुबारा का धरतो?

कडधान्यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. त्यांचे विघटन करणारा पाचक रस मानवी शरीरात तयार होत नाही. त्या मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जीवाणू त्यांना आंबवितात व वायू निर्माण होतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अटकाव करणारे घटकही असतात. पुरेशा उष्णतेने ते बव्हंशी निष्प्रभ होतात.

सोपे उपाय

कडधान्य 8 ते 12 तास भरपूर पाण्यात भिजवावे. ते पाणी टाकून द्यावे व ताज्या पाण्यात दाणे शिजवावेत. पाण्याबरोबर या शर्करांचा काही अंश निघून जातो. मोड आणल्यास अधिक लाभ होतो. अंकुर आपल्या वाढीसाठी याच शर्करा वापरतो, लोहाच्या शोषणास अडथळा आणणारे फायटिक आम्ल घटते आणि ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. वाल मोड आणून सोलण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

लहान मुलांना मोड आलेले धान्य कच्चे न देता शिजवूनच द्यावे. राजमा भिजवून, पाणी बदलून, प्रथम किमान 10 मिनिटे खळखळून उकळावा. केवळ मंद आचेवर ठेवल्यास त्यातील विषारी घटक नष्ट होत नाही. सोड्याने दाणा लवकर मऊ होतो, परंतु ‘ब-1’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. हिंग-आल्याची फोडणी अवश्य द्यावी. मात्र ती भिजविण्याची जागा घेऊ शकत नाही.

शाळेतील ताट

शालेय पोषण आहारात प्राथमिक विद्यार्थ्यामागे दररोज 20 ग्रॅम व उच्च प्राथमिक विद्यार्थ्यामागे 30 ग्रॅम डाळ-कडधान्याचे प्रमाण ठरलेले आहे. परंतु धान्य त्याच दिवशी सकाळी मोजून दिले, तर भिजविण्यास वेळच उरत नाही. उसळीसाठीचे कडधान्य आदल्या दिवशी दुपारी आणि मोड आणावयाचे असल्यास दोन दिवस आधी स्वयंपाकिणीच्या हाती पडावे, एवढी दक्षता मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांनी घ्यावी. यास जादा खर्च नाही. मुलांच्या ताटातील उसळ मात्र त्यांच्या अंगी लागेल.