स्कोअरबोर्डवर न दिसणारा माणूस कसा पारखायचा?

दुकानात पहिला माणूस ठेवताय? मग आधी कबड्डीचा संघ तरुण बचावपटू कसा निवडतो, ते समजून घ्या.

चढाईपटूचे गुण सगळ्यांना दिसतात. कोपरारक्षकाचं तसं नाही. आपल्या वसई-विरारच्या स्पर्धेत पोराने चार पकडी केल्या की टाळ्या पडतात. पण घाईने झेपावून त्याने किती गुण दिले, ते कोण मोजतं?

प्रो कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. गुण नाही आणला, तर चढाईपटू बाद! त्या दोन चढायांत संयम ठेवणाऱ्या बचावपटूच्या नावावर शून्य, पण सापळा त्यानेच लावलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी बघा. चढाईपटू वळला की याचे पाय वळतात का? शेजारच्या मध्यरक्षकासोबत एकाच क्षणी पुढे जातो का? पकड सुटल्यावर डोकं शांत राहतं का?

अशा खेळाडूला किंमतही मिळते. २०१८च्या लिलावात यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याच्यासाठी १ कोटी रुपये मोजले.

आता तुमचं दुकान. गोड बोलणारा मुलगा लगेच आवडतो. माल मोजून उतरवणारा, उधारी तिथल्या तिथे लिहिणारा मुलाखतीत कळत नाही. आठवडाभर पगार देऊन गर्दीच्या वेळी काम द्या, मग ठरवा. पगार तुमच्याच गल्ल्यातून जाणार आहे!

तुम्ही काय बघता? कमेंटमध्ये सांगा.