गंगारामचा गेंडा

शनिवारवाड्यात एके काळी चित्रकलेची शाळा भरत असे, हे पुण्यातल्याही फार जणांना ठाऊक नसतं. तेव्हा पेशवे दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आग्रहाखातर सवाई माधवरावांनी वाड्यात जागा दिली. शिकवायला आला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला आणि वर्षभरात पुण्यात पेशव्यांना आणि नाना फडणवीसांना समोर बसवून चित्रं काढू लागला. धनी आणि कारभारी एकत्र असलेलं त्याचं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

या शाळेचं फळ म्हणून गंगाराम चिंतामण तांबट याचं नाव घेतात. तारखा पाहिल्या की हे पटत नाही. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचं गंगारामने काढलेलं चित्र नोव्हेंबर १७९० चं, म्हणजे वेल्स मुंबईला लागण्याआधीचं. शाळेला हा गडी तयारच मिळाला.

तयार कुठे झाला, याचं उत्तर आडनावात असावं, असा माझा तर्क. तांबटाच्या घरात पोरगं हातोडी धरायला लागलं की त्याची नजर आपोआप घडते. पत्र्याला मठार देताना ठोका जरा चुकला तर भांड्याचा घाट बिघडतो, आणि तो बिघाड झाकायला रंग नसतो. तुलनेला युरोपातला प्रसिद्ध गेंडा घ्या, चित्रकार ड्यूररचा, १५१५ सालचा. त्याने जनावर पाहिलंच नव्हतं. ऐकीव वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन एवढ्यावर त्याने अंगावर चक्क चिलखत चढवलं. गंगारामपुढे गेंडा साक्षात उभा होता.

मॅलेटने त्याला वेरूळलाही धाडलं. लेण्यांची चित्रं काढायच्या कामात पुढे वेल्सही उतरला. पण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्स गेला, आणि शाळा तिथेच आटोपली.

१८०३ मध्ये टॉमस डॅनियलने वेरूळची चित्रं लंडनला छापली. ग्रंथाच्या शीर्षकात मूळ रेखाटनकार म्हणून नाव एकट्या वेल्सचं. गेंडा अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. तिथे चित्रकार म्हणून नोंद गंगाराम तांबटाचीच.