सुट्टी झाल्यानंतरचे बिल

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात म्हाताऱ्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, की गाडी बहुधा नांदेडकडे धावते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. २०२४ पासून सत्तर व त्यापुढच्यांना उत्पन्नाची अटही नाही. पण दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर योजना १५ दिवसांचाच खर्च देते. स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात, त्यांतली एक बहुधा जन्मभर. शिवाय तपासण्या, गाडीभाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. पैसा आटला, की आधी गोळी सुटते. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. पुन्हा भरती झाली, तर घराने वाचवलेला थोडा खर्च सरकारच्याच मोठ्या बिलात उगवतो. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात या गोळ्या खंड न पडता मिळणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय.