आभाळाची तालीम (भाग ७) : मिग-२१ पासून सुरुवात नको

छत्रपती संभाजीनगरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही २६ एप्रिल १९९३ ची दुपार विचारावी. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापर्यंत धावत गेलं, कसंबसं जमिनीवरून सुटलं आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळलं. विमानात ११८ माणसं होती, त्यांतली ५५ गेली. चौकशीत दोन गोष्टींवर बोट ठेवलं गेलं. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि तेही चुकीच्या पद्धतीने उचललं. शिवाय विमानं उडण्याच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नव्हती.

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरविषयी लिहिताना प्रवासी विमानाचा हा अपघात आठवण्याचं कारण आहे. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो आणि तेच विमान तेवढ्याच वजनासह जानेवारीच्या सकाळपेक्षा कितीतरी जास्त धावपट्टी खातं. सिम्युलेटर वास्तवदर्शी आहे की नाही, हे ओळखायची पहिली खूण हीच. ढग किती सुरेख दिसतात, समुद्रावर ऊन कसं चमकतं, हे नंतर पाहावं. तापमान दहा अंशांवरून बेचाळीस अंशांवर नेलं, टाक्या भरल्या, पंखांखाली बॉम्ब लटकवले आणि तरीही विमान पूर्वीच्याच जागी उचललं गेलं, तर तो व्हिडिओ गेम समजावा. या लेखात याला ‘चिकलठाण्याची कसोटी’ म्हणू.

मागच्या भागांत एकट्याने सराव कसा करावा ते पाहिलं. आता गटाचा प्रश्न.

या शहरात तो प्रश्न हवेतला नाही. राज्य सरकारने १९७७ मध्ये इथे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सुरू केली. लोकांच्या तोंडी ती एसपीआय. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएसाठी तयार करणारी ही सरकारी संस्था महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं खेचते. त्याशिवाय खासगी अकादम्या आहेत, एनसीसीचे छात्र आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांतली विमानवेडी पोरं आहेत. मराठवाड्याला वायुदलाचं वेड नवं नाही. २०२१ ते २०२४ या काळात वायुदलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातले. अशा आठ-दहा मुलांनी मिळून एक खोली घेतली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र ‘उडायचं’ ठरवलं, तर कोणता सिम्युलेटर घ्यावा?

गटाने सराव करायचा म्हणजे आठ जणांनी शेजारी-शेजारी बसून एकेकटं खेळायचं, असं नव्हे. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकी वायुदलाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. नवखा वैमानिक पहिल्या दहा लढाऊ मोहिमा जगून निघाला, की पुढे त्याच्या टिकण्याची शक्यता एकदम वाढते. मग त्या पहिल्या दहा मोहिमा शांततेच्या काळातच का उडवून घेऊ नयेत? या विचारातून १९७५ मध्ये नेवाडातल्या नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू झाला. २००८ मध्ये आपली सुखोई-३० विमानंही तिथे गेली होती. त्या सरावात एकट्याच्या कसबाला फारशी किंमत नाही. कोण कुठे आहे, कोण कुणाला झाकतोय, रेडिओवर कोण बोलतंय आणि कुणी गप्प बसायला हवं, हे तिथे शिकायचं असतं.

आता दुकानात काय मिळतं ते पाहू.

सगळ्यांत जास्त नाव ‘डीसीएस वर्ल्ड’चं. मूळ प्रोग्राम फुकट मिळतो, त्याबरोबर सुखोई-२५टी हे हल्ल्याचं विमान आणि मस्टँगची निःशस्त्र दोन आसनी आवृत्ती मिळते. बाकी विमानं विकत घ्यावी लागतात, आणि चांगल्या विमानाला साठ-ऐंशी डॉलर सहज पडतात. बहुतेक विमानं चौदा दिवस फुकट वापरून पाहता येतात, ही सोय गटाने आधी वसूल करावी. यातलं ए-१०सी अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या डेस्कटॉप सिम्युलेटरमधून आलं आहे. कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक खटका माउसने दाबता येतो. नेवाडाचा नकाशाही विकत मिळतो. त्यातल्या नेलिसची उंची सुमारे ५७० मीटर, म्हणजे चिकलठाण्याच्या जवळपास तेवढीच. आपली कसोटी घ्यायला याहून सोयीची धावपट्टी नाही.

दुसरा ‘फाल्कन बीएमएस’. याची कथा गमतीची आहे. डिसेंबर १९९८ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने ‘फाल्कन ४.०’ बाजारात आणला तो चुकांनी बुजबुजलेला. २००० मध्ये त्याचा सोर्स कोड बाहेर फुटला आणि जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी तो दत्तक घेतला. आज पंचवीस वर्षांनंतर त्याच सांगाड्यावर फुकटात उभा असलेला बीएमएस एफ-१६ च्या यंत्रणा इतक्या बारकाईने दाखवतो की सोबतच्या मार्गदर्शिका शेकडो पानांच्या आहेत. अट एकच, मूळ फाल्कनची अधिकृत प्रत हवी. ती काही शे रुपयांत मिळते. ग्राफिक्स डीसीएसच्या मानाने जुनं वाटतं, पण साध्या संगणकावरही चालतं. त्यातलं कोरियाचं युद्ध मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. आज जो पूल उडवायचा राहिला, त्याच पुलावरून शत्रूचे रणगाडे पुढे सरकतात आणि परवाच्या संध्याकाळी गटाला त्यांच्याशीच झुंजावं लागतं.

तिसरा ‘आयएल-२’, दुसऱ्या महायुद्धाचा. रडार नाही, क्षेपणास्त्रं नाहीत. मान वळवून डोळ्यांनी शत्रू शोधायचा आणि लीडरच्या पंखाला चिकटून राहायचं. गटाला फॉर्मेशन शिकवायला हा उत्तम. त्यापुढे ज्याची-त्याची आवड.

आणि मिग-२१? मुलांचा जीव अडकतो तो इथेच. डीसीएसमध्ये मिग-२१बिस मिळतं. हेच विमान नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलं, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला वायुदलाने या घराण्याला कायमचा निरोप दिला, तेव्हा कित्येकांचे डोळे ओले झाले. आपल्या विमानापासूनच सुरुवात करावी, असं वाटणं साहजिक आहे. तरीही करू नये. मिग-२१बिस उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावपट्टीकडे झेपावतं. फ्लॅप्सवरून वाहणारी हवा इंजिनातून येते, त्यामुळे घाबरून थ्रॉटल पूर्ण मागे ओढला की उचलही जाते. समोरची खिडकी अरुंद, इंधन कमी, आणि डायलवरची अक्षरं रशियन.

खऱ्या वायुदलाने या चुकीची किंमत मोजलेली आहे. सावकाश उडणाऱ्या किरण विमानावरून तरुण वैमानिक थेट मिगच्या कॉकपिटमध्ये जात. मधली पायरीच नव्हती. प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावं, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली; ते विमान, म्हणजे ब्रिटिश हॉक, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदरच्या तळावर आलं २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत मिग-२१ च्या अपघातांत किती तरी उमदी मुलं गेली. त्यांत एक होते फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ, २००१ मध्ये गेलेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी हवाई सुरक्षेचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न नंतर जाहीरपणे लावून धरला. खोलीतल्या मुलांचा जीव जाणार नाही, हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात पंधरा वेळा आपटलेला मुलगा सोळाव्यांदा येत नाही.

म्हणून निवड अशी. पहिले तीन आठवडे डीसीएसमधलं फुकटचं सुखोई-२५टी. ते दणकट आणि मंद आहे, नांगराला जुंपलेल्या बैलासारखं, आणि चुका पोटात घालतं. तेवढ्यात कोण टिकतं आणि कोण नुसतं बघायला आलं होतं, ते आपोआप कळतं. त्यानंतर गटाकडे पैसा आणि दांडगे संगणक असतील, तर डीसीएसमधलं एकच विमान सगळ्यांनी घ्यावं. नसतील तर बीएमएस. प्रस्तुत लेखमालेचं मत बीएमएसकडे झुकतं, त्याचं कारण स्वस्ताई नव्हे. तिथे गटातला प्रत्येक जण मुख्यतः एफ-१६ च उडवतो, त्यामुळे सगळ्यांचे शब्द, खटके आणि चुका सारख्या राहतात. डीसीएसमध्ये एकाने हॉर्नेट घ्यायचं, दुसऱ्याने मिराज, तिसऱ्याने हेलिकॉप्टर, आणि महिन्याभरात गटाची जत्रा व्हायची. ‘एफ-१६ तर पाकिस्तानचं विमान’ असा आक्षेप कुणीतरी घेईलच. पाकिस्तानकडे ते १९८३ पासून आहे, हे खरं. समोरच्याची ताकद आतून कळली तर बिघडतं कुठे?

निवडीआधी परवान्याचा मजकूर वाचावा, आणि हे बहुतेक जण करत नाहीत. घरगुती डीसीएस वैयक्तिक करमणुकीसाठी आहे. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी त्या कंपनीची वेगळी आवृत्ती असते. मित्रमित्र जमून उडत असतील तर प्रश्न नाही, पण फी घेणाऱ्या अकादमीने आधी कंपनीला विचारलेलं बरं. लॉकहीड मार्टिनच्या ‘प्रीपार३डी’ला शैक्षणिक परवाना आहे. तो शस्त्रांपेक्षा उड्डाणाचे मूलभूत धडे देण्यासाठी जास्त कामाचा. अमेरिकी वायुदलाने २०१८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला वीस प्रशिक्षणार्थींवर जो ‘पायलट ट्रेनिंग नेक्स्ट’ प्रयोग केला, त्यात आभासी चष्म्यांबरोबर हाच प्रोग्राम होता.

सामानाबद्दल थोडक्यात. प्रत्येकाला पिळता येणारी जॉयस्टिक पुरे, पायाखालची पेडल्स नंतर. मान हलवली की पडद्यावरची नजर हलते, असं साधन महाग पडतं. ‘ओपनट्रॅक’ हा फुकटचा प्रोग्राम आणि साधा वेबकॅम यांवर काम भागतं. वायफायच्या भानगडीत न पडता सगळे संगणक तारेने जोडावेत, आणि ज्यावर सर्व्हर आहे त्याला यूपीएस लावावा. उन्हाळ्यात वीज जाते आणि दीड तासाची मोहीम शेवटच्या पाच मिनिटांत पाण्यात जाते. नंतर खोलीत जे बोललं जातं ते छापण्याजोगं नसतं.

यंत्रापेक्षा महत्त्वाचं आहे उड्डाणानंतरचं अर्ध्या तासाचं बसणं. वायुदलात याला डीब्रीफिंग म्हणतात. ‘टॅकव्ह्यू’ नावाचा प्रोग्राम डीसीएस आणि बीएमएस दोन्हींतली उड्डाणं नोंदवतो आणि मग सगळ्या विमानांच्या वाटा वरून, बाजूने, हव्या त्या क्षणी थांबवून पाहता येतात. ‘मी तुझ्या मागेच होतो’ म्हणणारा प्रत्यक्षात चार किलोमीटर दूर होता, हे मग वाद न होता सिद्ध होतं. तालमीत जसा वस्ताद, तसा इथे एक जण हवा, जो त्या संध्याकाळी उडणार नाही, फक्त बघेल आणि लिहून ठेवेल. शहरात वायुदलातून निवृत्त झालेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना महिन्यातून एकदा चहाला बोलवावं. रेडिओवर कमीत कमी शब्दांत कसं बोलायचं, हे त्यांच्याकडून जितकं शिकता येईल तितकं कुठल्याच मार्गदर्शिकेतून नाही.

पालकांसाठी एक इशारा. वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी निवड मंडळात सीपीएसएस ही संगणकीय चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की पुन्हा संधी नाही. सिम्युलेटरवर रात्री जागवल्या म्हणून ती पास होते, असं सांगून कुणी फी मागत असेल तर चालतं व्हावं. खुर्चीत बसून अंगावर जी-बल येत नाही, मान जड होत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. सिम्युलेटर काय देऊ शकतो, हे एडविन लिंकला १९२९ मध्येच कळलं होतं. वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातले भाते वापरून त्याने हलणारं लाकडी विमान केलं. आपल्या पेटीचा भाता आठवावा, तत्त्व तेच. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीला जास्त गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिक खराब हवेत टपाल नेताना पटापट मरू लागले, तेव्हा लष्कराने त्याच्याकडून सहा यंत्रं घेतली आणि बाहेर काही दिसत नसताना डायलवर विश्वास कसा ठेवायचा, तेवढं त्यांवर शिकवलं.

नेवाडाचा नकाशा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या आठवड्यात कसोटी घ्यावी. दोन-दोनच्या जोडीने नेलिसवर उभं राहावं, तापमान बेचाळीस, टाक्या भरलेल्या, दोन्ही पंखांखाली बॉम्ब. लीडरने धाव सुरू करावी, विंगमनने दहा सेकंदांनी. कोण कुठे उचललं गेलं, ते तिसऱ्याने वहीत लिहावं. मग तापमान दहावर आणून पुन्हा. दोन्ही आकडे आणि टॅकव्ह्यूची फाइल जपून ठेवावी. पुढच्या भागात रेडिओवरची भाषा शिकताना तीच उड्डाणं पुन्हा लागतील.