रिकाम्या पोटाची ओकारी

“काल रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, मग ही ओकारी कसली?” शस्त्रक्रिया होऊन शुद्धीवर येत असलेल्या रोग्याच्या उशाशी बसलेले नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. कोणी म्हणतो पित्त खवळले, कोणी म्हणतो भूल बाधली. यांतील दुसऱ्या तर्कात बरेच तथ्य आहे.

ओकारीची सूत्रे पोटाच्या नव्हे, तर मेंदूच्या हाती असतात. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग रक्तावर सतत पहारा ठेवून असतो. रक्तात विषासारखे काही आढळले की तो इशारा देतो आणि पोट उलटते. भुलीचे वायू आणि अफूच्या जातीची वेदनाशामके यांनाही हा पहारेकरी शत्रूच समजतो. त्यातच आतड्यांकडून मज्जातंतूंमार्फत आलेल्या तक्रारी आणि तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णाचे संदेश यांची भर पडते. पोट रिकामे ठेवण्याचा हेतू निराळा असतो. गुंगीत असताना पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये, यासाठी ती काळजी असते.

बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाचे १९०० साली उद्घाटन झाले, तो काळ ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा होता. ईथरनंतरची ओकारी त्या वेळी जणू ठरलेलीच असे. पुढे औषधे सुधारली, तथापि आजही प्रतिबंधक उपाय न केल्यास सर्वसाधारणपणे दर तीन रोग्यांत एकाला ओकारी होते. या ओकारीने ताज्या टाक्यांवर ताण पडतो, शरीरातील पाणी कमी होते आणि घरी जाण्याचा दिवस लांबतो.

हा त्रास कोणाला होईल, याचा अंदाज आधी बांधता येतो. अ‍ॅपफेल या जर्मन वैद्याने १९९९ साली चार प्रश्नांचा सोपा ठोकताळा मांडला. रोगी स्त्री आहे काय? ती व्यक्ती धूम्रपान न करणारी आहे काय? पूर्वी शस्त्रक्रियेनंतर ओकारी झाली होती काय, किंवा प्रवासात गाडी लागते काय? आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक द्यावे लागणार आहे काय? चारही उत्तरे नकारार्थी असल्यास धोका शेकडा सुमारे १०. चारही होकारार्थी असल्यास शेकडा सुमारे ८०. धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो हे खरे; परंतु त्यावरून कोणी विडी पेटवू नये, कारण फुप्फुसांची हानी त्याहून कितीतरी मोठी असते.

या चारांपैकी एक गोष्ट रोग्यावाचून दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते, आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते. बेळगाव-निपाणीकडची एखादी आजी उपचारासाठी बंगळूरला आली, तर वैद्य तिला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत प्रश्न विचारणार. “मला घाटात गाडी लागते” हे आपले साधे वाक्य शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मोलाचे आहे, हे तिला कोण सांगणार? सोबतच्या मुलाने किंवा सुनेने ते भूलतज्ज्ञाच्या कानी अवश्य घालावे.

कारण ते कळले की भूलतज्ज्ञाच्या हाती पुष्कळ उपाय असतात. शक्य तेथे संपूर्ण भूल न देता कमरेखालचा किंवा तेवढाच भाग बधिर करता येतो. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफोल देता येते आणि अफूवर्गीय औषधांची मात्रा कमी ठेवता येते. शस्त्रक्रियेच्या आरंभी डेक्सामेथासोन आणि अखेरीस ऑन्डान्सेट्रॉन, अशी निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधे एकट्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरतात. मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध दिलेला दाबही काहींना उपयोगी पडतो.

नातेवाइकांचेही काम थोडके नाही. ओकारी येऊ लागली तर रोग्याला कुशीवर वळवावे आणि परिचारिकेला हाक मारावी. त्याला एकदम उठवून बसवू नये. परवानगी मिळताच पाणी घोट-घोट द्यावे. “दोन घास तरी खा” असा आग्रह धरू नये. ओकारीत रक्त किंवा हिरवट द्रव दिसला, पोट फुगले, अथवा दुसऱ्या दिवशीही पाणी ठरेना, तर विनाविलंब वैद्यांना कळवावे.

शस्त्रक्रिया म्हटली की एवढे सोसायचेच, अशी आपल्याकडे समजूत आहे. दुखणे सोसण्याचा हा गुण थोर खरा. पण जे टाळता येते ते मुकाट्याने सोसण्यात मात्र शहाणपण नाही.