फिन मॅकूलचा फरसबंद रस्ता

बेलफास्टहून सकाळची गाडी धरली की साधारण दीड तासात कोलरेन येतं. तिथून बस, आणि बस सोडल्यावर समुद्राकडे उतरणारी किलोमीटरभराची वाट. एकटीनं हिंडण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला त्या दिवशी कळला. एका दगडापाशी तासभर बसले तरी मागून "चला, अजून बरंच बघायचंय" म्हणणारं कुणी नव्हतं. मी बसले आणि दगडाच्या बाजू मोजायला लागले. सहा. शेजारचाही सहा. त्याच्या पलीकडचा पाच, पुन्हा सहा, मग मध्येच एक सात बाजूंचा. प्रत्येक दगड फूट-दीड फूट रुंद, आणि दोन दगडांमधली फट जेमतेम नाणं मावेल एवढी.

ही जागा म्हणजे जायंट्स कॉजवे. आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला, अँट्रिम परगण्यात. राजकीय नकाशावर हे उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम. (डब्लिनला उतरून इकडं यायचा बेत असेल तर व्हिसाचं आधी बघून घ्या. चलनही इथं पौंड आहे.) बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. १९८६ पासून जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण खरं सांगते, आकडा ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, त्याहून प्रत्यक्षातला पसारा लहान वाटतो. मागच्या उंच कड्यांपुढं ही फरसबंदी बुटकीच दिसते. लांबून फोटो काढून परतणाऱ्यांचा हिरमोड होतो, तो त्यामुळेच. इथं खाली बसावं लागतं.

बसलं की एकेक दिसायला लागतं. काही खांबांचे माथे वाटीसारखे खोलगट असतात आणि त्यांत पावसाचं पाणी साचतं. काहींचे माथे उपड्या वाटीसारखे फुगीर. म्हणजे खांब अखंड नाही, तो चकत्यांचा रचलेला आहे. एका चकतीचा फुगवटा दुसरीच्या खोलगटीत बसतो, खांद्याच्या सांध्यासारखा. समुद्राजवळचा पट्टा काळाकुट्ट आणि बेफाम निसरडा. माझा पाय तिथं सटकला आणि कोपर चांगलं सोलवटलं. वर, कोरड्या भागात, दगड करडा आहे आणि त्यावर दगडफुलासारखे पिवळट-पांढरे ठिपके.

आपल्याकडे एखादं लेणं फार मोठं, फार जुनं असलं की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. इथं ते काम फिन मॅकूल नावाच्या महाकाय वीराकडे आहे. स्कॉटलंडच्या बेनांडोनर नावाच्या राक्षसाशी दोन हात करायला फिननं समुद्रात दगड रोवत रस्ता बांधला. पलीकडचा गडी दिसला मात्र, आणि फिनची पाचावर धारण बसली. तो पळत घरी आला. बायको, ऊना, हुशार. तिनं नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं. बेनांडोनर दारात आला, पाळण्यातलं "बाळ" पाहिलं आणि त्यानं मनातल्या मनात बापाचा अंदाज बांधला. मग तो असा पळाला की जाता जाता पाठीमागचा रस्ता उखडत गेला. गोष्ट भाबडी वाटेल, पण सांगणाऱ्यांची नजर भाबडी नव्हती. इथून सुमारे १३० किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर, अगदी अशाच खांबांची गुहा आहे. दोन्हीकडचा दगड एका जातीचा, हे त्यांनी ओळखलं होतं. मधला रस्ता कुठं गेला, एवढंच समजवायचं राहिलं होतं.

हे खांब कसे झाले यावरचं विद्वानांचं भांडण त्यापुढं काही फार पोक्त नव्हतं. १७४० च्या सुमारास सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीनं इथली चित्रं इतक्या बारकाईनं काढली की त्यांच्या छापील प्रती युरोपभर गेल्या. त्या काळी एक मोठा पक्ष म्हणत होता की बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साका बसावा तसा तळाशी बसला आहे. निकोला देमारे या फ्रेंच अभ्यासकानं आपल्या देशातल्या ओव्हेर्न भागात असेच खांब पाहिले होते, तेही जुन्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याला जोडलेले. मग १७६० च्या दशकात त्यानं या आयरिश खांबांबद्दलही तेच म्हटलं. हा थंड झालेला लाव्हा आहे. तो बरोबर होता.

साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उलगडू लागला तेव्हा, इथली जमीन फाटून लाव्हा वाहिला. त्यातला काही एका जुन्या दरीत साचला. साचला म्हणून जाड झाला, आणि जाड म्हणून सावकाश निवला. खांब होण्यासाठी हे सावकाश निवणं महत्त्वाचं.

आता भेगांचं. मे महिन्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात काळ्या रानातून चाललात तर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या दिसतात. माती वाळताना आकसते, शेजारची माती तिला धरून ठेवते, ताण असह्य झाला की फाटते. लाव्ह्याचंही तसंच, फक्त पाण्याऐवजी उष्णता निघून जाते. पण मातीत पहिली भेग कशीही जाते, दुसरी तिला काटकोनात येऊन मिळते, आणि खपल्या चौकोनी, वेड्यावाकड्या होतात. लाव्ह्याच्या वरच्या थरातही सुरुवात अशीच ओबडधोबड होते. मग थंडावा जसजसा आत शिरतो तसतशी भेगही त्याच्यामागून आत जाते. सलग नाही, टप्प्याटप्प्यानं. दर टप्प्याला ती किंचित जागा बदलते, आणि होता होता प्रत्येक नाक्यावर तीन भेगा मिळतात, एकमेकींपासून १२० अंशांवर. कमीत कमी लांबीच्या भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा करायचा तर षटकोनाइतकी काटकसर दुसऱ्या आकारात नाही. मधमाशी मेणाच्या बाबतीत हाच हिशेब करते. पाच आणि सात बाजूंचे खांब म्हणजे हा हिशेब पुरता जमायच्या आत दगड झालेले.

टप्प्यांचा पुरावा हातानं चाचपता येतो. पुढच्या वळणावर 'ऑर्गन' नावाची खांबांची रांग आहे, १२ मीटरपर्यंत उंच, चर्चमधल्या पेटीच्या नळ्यांसारखी. तिथं खांबाच्या बाजूवरून तळवा फिरवला की आडवे पट्टे लागतात, सुतारानं रंधा थांबवत थांबवत मारावा तसे. एक पट्टा म्हणजे भेगेची एक धाव.

ती भेग किती तापमानाला पडते, हे अगदी अलीकडे कळलं. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलंडच्या ज्या ज्वालामुखीनं २०१० मध्ये युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्याचाच बेसॉल्ट आणला. तो प्रयोगशाळेत पकडीत आवळून धरला आणि थंड होऊ दिला. लाव्हा ९८० अंश सेल्सिअसला पूर्ण घट्ट होतो, भेग पडते ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. हे त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे मी ज्या दगडावर टेकले होते तो तडकला तेव्हा अंधारात लालभडक दिसला असता.

प्रयोग घरीही होतो, आणि हा माझा अतिशय आवडता भाग आहे. काचेच्या वाडग्यात कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारख्या वजनानं कालवा आणि दिव्याखाली निवांत वाळू द्या. काही दिवसांनी ढेप फोडून बघा. आत पेन्सिलीहूनही बारीक खांबांचं जंगल उभं असतं. टोरांटो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कॉर्नफ्लोअरच्या अशाच खांबांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यावरून लाव्हा निवण्याचा वेग व खांबाची जाडी यांचं नातं मांडलं. सावकाश निवलं तर खांब जाड, घाईनं निवलं तर बारीक. खीर-सूप दाट करायच्या पुड्यात ६ कोटी वर्षांपूर्वीची दरी मावते.

परतताना मी 'शेफर्ड्स स्टेप्स'च्या १६२ पायऱ्यांनी कड्यावर चढले. मध्येच दम खायला थांबले आणि कड्यात विटकरी लाल पट्टा दिसला. खाली काळा बेसॉल्ट, वर काळा बेसॉल्ट, मधोमध हा. पहिल्या लाव्ह्यानंतर ज्वालामुखी फार काळ गप्प होता. त्या काळात उष्ण, दमट हवेत दगड कुजून त्याची लाल माती झाली. शास्त्राच्या भाषेत लॅटराइट, आपल्या कोकणात जांभा. जुलैतही स्वेटर लागतो अशा किनाऱ्यावर, रत्नागिरीतल्या घरांच्या भिंतींचा रंग! वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सगळा दोष वाऱ्याला देता यायचा नाही.

वरून समुद्र अंगावर येतो. याच खडकांवर ऑक्टोबर १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'गिरोना' जहाज फुटलं. त्यावर सुमारे १३०० माणसं होती, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच वाचली. १९६७ मध्ये रॉबर्ट स्तेन्युई या बेल्जियन पाणबुड्यानं त्याचे अवशेष शोधले. त्यातली माणकं जडवलेली सोन्याची पाल बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे.

आता त्या नाण्याएवढ्या फटीकडे परत. अनेक प्रवासी तिथं खरोखर नाणी ठोकून जातात, नशिबासाठी. समुद्राच्या खाऱ्या हवेत नाणं गंजतं, गंजून फुगतं आणि दगडाची कड उडवतं. खांबांवरून तांबूस ओघळ उतरलेले मी पाहिले. जागेची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं २०२५ मध्ये लोकांना हात जोडून सांगितलं की नाणी खोचू नका. इतकी कोटी वर्षं समुद्राला पुरून उरलेल्या दगडाला दोन पेन्सांचा ताण भारी पडतो.

आणि ज्यांना आयर्लंड लांब आहे त्यांच्यासाठी. दख्खनचा बेसॉल्ट या आयरिश दगडाचा थोरला भाऊ आहे, ६ कोटी ६० लाख वर्षांचा. भूगोलाच्या पुस्तकातल्या 'दख्खन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. काळी माती याच दगडाची. म्हणजे तो दगड असताना भेगाळला, माती होऊनही भेगाळतो. खांब आपल्याकडेही आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्याला आणि थेट मुंबईत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर. खाणकामानं भोवतालचा डोंगर गेला, इमारती पार अंगाशी आल्या, पण सुमारे ६० मीटर उंचीचा तो काळा सुळका अजून उभा आहे, 'ऑर्गन'मधल्या उंच खांबांच्या पाचपट. तिकीट नाही, व्हिसा नाही, स्टेशनवरून रिक्षानं जाता येतं. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. दर्शनाला जरूर जा, पण पायऱ्या चढण्याआधी पायथ्याशी पाच मिनिटं थांबून कातळावरच्या उभ्या रेघा बघा.