निशी-कासाईतली रोजची सुखं

टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा प्रभाग आहे. त्यातल्या निशी-कासाई स्थानकाच्या परिसराला ‘लिटिल इंडिया’ म्हणतात. ‘वायटूके’ या संगणकातल्या तारखेच्या घोळाच्या धास्तीने २०००च्या सुमारास जपानी कंपन्यांना भारतीय इंजिनिअर हवे झाले, त्यांत मराठी मंडळीही आली. ती इथेच का स्थिरावली, याचं कारण व्यवहारी आहे. ओतेमाची, निहोनबाशी या बँकांच्या भागात तोझाई या मेट्रो मार्गाने गाडी न बदलता जाता येतं. शिवाय ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेच्या घरांना जामीनदार लागत नाही, आणि घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी ‘भेट’ही नाही. खासगी घर शोधताना परदेशी माणसाला अनेकदा तोंडावर नकार मिळतो.

गर्दीची सवय डोंबिवलीकराला करावी लागत नाही. कोरोनापूर्वी तोझाई मार्गावर किबा आणि मोन्झेन-नाकाचो या स्थानकांदरम्यान सकाळच्या गाड्या क्षमतेच्या १९९ टक्के भरत. टोकियोत ही गर्दी तेव्हा अव्वल होती. दिवसाच्या फास्ट गाड्या निशी-कासाईला थांबत नाहीत, हे दुःख कोपर-ठाकुर्लीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण दारात लोंबकळणं नाही, चौथ्या सीटवरून हुज्जत नाही. फलाटावरच्या रेघांमागे रांग लागते आणि उतरणारे उतरेपर्यंत ती हलत नाही. गाडीला उशीर झालाच, तर रेल्वे तसं प्रमाणपत्र देते. ते कचेरीत दाखवलं की सहसा लेट मार्क टळतो. ही चिठ्ठी ठाण्यात मिळू लागली, तर छापखाने कमी पडतील!

खरं सुख अशा बारीकसारीक सोयींत आहे. कोपऱ्यावरच्या ‘कोनबिनी’त, म्हणजे बहुधा चोवीस तास उघड्या दुकानात, विजेचं बिल भरता येतं आणि सामानाचं खोकंही पाठवता येतं. घरी नसताना पार्सल आलं, तर ते पुन्हा कोणत्या दोन तासांत आणायचं हे आपण सांगायचं. हरवलेली वस्तू पोलीस चौकीत सापडण्याची बरीच आशा असते. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर ती बहुधा सापडणाऱ्याची होते. पहिलीतली मुलं दप्तराला पिवळं आवरण लावून पायी शाळेत जातात. नव्या आईचा जीव सुरुवातीला टांगणीला लागतो, पण वाटेवर उभे असलेले म्हातारे स्वयंसेवक पाहून धीर येतो. संध्याकाळी भोंग्यांवरून एक धून वाजते. मुलांनी खेळ आवरून घरी जावं, हा तिचा इशारा. भूकंपाच्या वेळी सूचना देणारी यंत्रणाही त्यातच रोज तपासून होते.

याची किंमत मोजावी लागते. जळणारा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या यांचे वार वेगळे. पिशवी ठरलेल्या सकाळीच ठेवायची आणि कावळ्यांसाठी वर जाळी ओढायची. वार चुकला तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि पिशवी तिथेच राहते. रात्री उशिरा गाणी लावली तर शेजारी दार वाजवत नाही. तक्रार थेट व्यवस्थापनाकडे जाते. मनमोकळ्या भांडणाची सवय असलेल्याला हे अबोलपण जड जातं.

भाषा आली की मात्र दारं उघडतात. जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून आले. शाकाहाऱ्यांचे हाल तेवढे टिकून आहेत: साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही बहुतेकदा माशाचा अर्क असतो. तूरडाळ आणि हिंग निशी-कासाईच्या भारतीय दुकानांत मिळतं, म्हणून वरण-भात घरीच शिजतो.